तीनशे झाडं आणि एक वाक्य

तारिहात वाइनबद्दल मत नसलेला माणूस शोधायचा झाला तर तो बहुधा इस्पितळात सापडेल, आणि तिथंही त्याला मत असतंच, फक्त डॉक्टरांनी ते मांडायला बंदी केलेली असते. अशा गावात रेनान बाल्दिविएसो याचं मत तेवढं छापून येई. तीस वर्षं जमीन नोंदणी कचेरीत काढून निवृत्त झालेला हा गृहस्थ गेली एकोणीस वर्षं दर रविवारी स्थानिक वर्तमानपत्राच्या सातव्या पानावर, राशिभविष्याच्या खाली आणि जुन्या मोटारींच्या जाहिरातींच्या वर, वाइनबद्दल लिहीत असे. राशिभविष्यापेक्षा आपलं लिखाण अधिक जबाबदारीचं आहे असं तो मानी. वाचक दोन्ही सारख्याच श्रद्धेनं वाचत.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पर्यटन कचेरीतल्या एका तरुण बाईंनी त्याला बोलावून घेतलं आणि सांगितलं, "तुमच्या आवडीचे बार, खाणावळी, बाटल्या आणि वाइनऱ्या अशी बारा नावांची यादी द्या. प्रत्येकाला चार ओळी. पर्यटकांना कळेल असं लिहा."

"म्हणजे कसं?"

"म्हणजे तुम्ही रविवारी लिहिता तसं नको."

रेनाननं हा शेरा पोटात घातला आणि घरी येऊन एका बैठकीत यादी केली. माणसाला मुलांची नावं ठेवायला वेळ लागतो, आवडीच्या बारची यादी मात्र आधीच तयार असते.

बाजारामागचा सोईलाबाईंचा बार त्यात होताच. तिथं खुर्च्या सात, टेबल एक, आणि त्या टेबलावर मातीचा एक जग आणि एकच पेला. वर्तुळात बसायचं. ज्याच्या हातात पेला तो चार थेंब जमिनीला देणार, कारण धरणीमाता आधी, मग उरलेला रिकामा करणार, पुन्हा भरणार आणि कुणाकडे तरी बघून म्हणणार, "पितो आणि बांधतो." बांधलेल्यानं तेवढंच प्यायचं आणि पुढच्याला बांधायचं. नको म्हणायची सोय नाही. बांधलेला पेला नाकारणं म्हणजे देणाऱ्याला तोंडावर सांगणं की तुझ्या घराशी माझा संबंध संपला. रेनाननं त्रेसष्ट वर्षांच्या आयुष्यात असं एकदाच पाहिलं होतं, आणि त्या दोन भावांची मुलं आजही एकमेकांच्या दुकानातून पाव घेत नाहीत.

नदीकाठची खाणावळ होती, जिथं मालक तुमच्या तोंडाकडे बघून ठरवतो की तुम्हाला बोकडाच्या फासळ्या द्यायच्या की नुसतं सूप. चौकातलं पांढऱ्या चादरींचं रेस्टॉरंट होतं, जिथं वेटर बुचाचा वास घेतो आणि त्याचा चेहरा असा होतो की घरात कुणी आजारी असावं. डोंगरउतारावरची एक लाल वाइन होती, जी उघडून दोन तास ठेवली तर अप्रतिम लागते असं तिचा मालक सांगतो. दोन तास थांबलेला माणूस अजून कुणाला भेटलेला नाही. जुन्या सिनेमागृहात पिंपं मांडून बसलेली एक वाइनरी होती. आणि सगळ्यांच्या वर, पहिल्या क्रमांकावर, एरास्मो तोलाबाची झाडावरची वाइन.

घाटापलीकडे, कामार्गोच्या दरीत, तांबड्या कड्यांखाली नदीकाठानं एरास्मोची बाग होती. तिथं द्राक्षाच्या वेली मोल्येच्या झाडांवर चढवलेल्या असत. एरास्मोच्या पणजोबाच्याही आधीपासून. झाडाच्या फांद्या विरळ करायच्या, वेल वर सोडायची, आणि मार्चमध्ये शिड्या लावून घड उतरवायचे. झाड वेलीला कडक उन्हापासून आणि रात्रीच्या गारठ्यापासून सांभाळतं. मोल्येची फळं गुलाबी, मिरीसारखी तिखट, आणि त्या तिखटपणाची एक बारीक सावली वाइनमध्ये उतरे. अगदी शेवटी, घोट गिळून झाल्यावर. आपल्याला जगात नेमकं काय आवडतं असं कुणी विचारलं असतं, तर रेनाननं थोडे आढेवेढे घेऊन त्या सावलीकडे बोट दाखवलं असतं.

एरास्मो त्याचा कोम्पाद्रे. शाळेच्या वसतिगृहात दोघं एका घोंगडीखाली झोपलेले, एकमेकांना मनसोक्त शिव्या घालत वाढलेले. पण सव्वीस वर्षांपूर्वी एरास्मोच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी रेनाननं धर्मपिता म्हणून हातांत धरलं आणि त्या क्षणापासून दोघं कोम्पाद्रे झाले, एकमेकांना अहो-जाहो करू लागले, कारण तशी रीत आहे. मैत्री तुटली तर पुन्हा जोडता येते. हे नातं देवासमोर झालेलं असल्यानं त्यात जपून बोलावं लागतं.

यादी बघून पर्यटन कचेरीतल्या बाई म्हणाल्या, "झाडावर द्राक्षं? वा, हाच फोटो मुखपृष्ठावर घेऊ." म्हणून रेनाननं एरास्मोला फोन लावला.

"फोटो?" एरास्मो म्हणाला. "फोटो कशाला, कोम्पाद्रे, तुम्हीच या. चार वर्षं झाली तुम्ही इकडे फिरकला नाहीत."

"गुडघे होते ना मधे."

"गुडघे सगळ्यांनाच असतात. गुरुवारी या. जेवायलाच या. तुमच्यासाठी एक गंमत राखून ठेवली आहे. फेर्मिनालासुद्धा सांगू दिलं नाही मी इतके दिवस."

चार वर्षांत रेनानच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली होती, हे खरं. एरास्मोच दर वर्षी कार्निव्हलच्या आधी कोम्पाद्रेंच्या गुरुवारी, म्हणजे कोम्पाद्रे एकमेकांना भेटी देतात त्या सणाला, टोपली घेऊन तारिहाला येई. टोपलीत फळं, केक, कागदी फुलं आणि जुन्या सुगीच्या सहा बाटल्या. बागेबद्दल विचारलं की म्हणे, "आहे, आहे. चाललंय." शेतकरी माणूस असं म्हणाला की कुणी पुढं विचारत नाही.

गुरुवारी सकाळी सहाला रेनान आपल्या जुन्या पिकअपमधून निघाला, सामाचा घाट चढला, उतरला, आणि दहाच्या सुमाराला तांबडे कडे दिसू लागले. मन प्रसन्न होतं. डोक्यात चार ओळी जुळत होत्या. शेवटच्या वळणावर त्याला सवयीनं वाटलं की आता हिरव्या झुबक्यांची ती दाटी दिसेल, ऑगस्टातल्या हिवाळ्यातही न झडणारी, लोंबत्या पानांची.

वळण संपलं, तेव्हा समोर खांब होते. सिमेंटचे, सरळ रांगेत, आणि त्यांवर ताणलेल्या तारा. तारांना छाटलेल्या वेली हात बांधून उभं केलेल्या मुलांसारख्या चिकटल्या होत्या. रांगांच्या मधून जमीन उघडी, नीट नांगरलेली, आणि तिच्यातून ठिकठिकाणी बुंधे वर आलेले. काही जुने, करडे पडलेले. काहींचा काप अजून पिवळा होता. नदीच्या कडेला तेवढी एक हिरवी पट्टी उरली होती.

रेनाननं गाडी थांबवली नाही. थांबवली असती तर पुन्हा सुरू करता आली नसती असं त्याला नंतर वाटलं.

एरास्मो फाटकाशी उभा होता, इस्त्रीचा सदरा घालून. त्यानं कोम्पाद्रेला मिठी मारली आणि तसाच खांद्याला धरून बागेकडे वळवला.

"बोला," तो म्हणाला.

"केवढं बदललंय," रेनान म्हणाला. नोंदणी कचेरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला असं वाक्य लगेच सुचतं.

"दोनशे साठ काढली. चार हिवाळ्यांत. एकदम नाही, वेलीला दमानं घ्यावं लागतं. ती झाडाला इतकी गुंतलेली असते की सोडवताना निम्म्या मरतात. त्या गेल्या. त्यांच्या जागी नवीन लावल्या. उरलेली चाळीस आज." त्यानं हात पुढं करून नदीकडची पट्टी दाखवली. "सबिनोला जेवायलाच बोलावलंय मशीन घेऊन. म्हटलं, कोम्पाद्रेच्या समोरच शेवट होऊ दे."

ओसरीवर सबिनो बसला होता, जाड हातांचा, शांत. शेजारी करवतीचं मशीन एखाद्या पाळीव जनावरासारखं ठेवलेलं. त्यानं टोपी काढून नमस्कार केला.

"तुम्हीच का ते पेपरवाले साहेब?"

"हो."

"भिंतीवर आहात तुम्ही."

रेनाननं आत पाहिलं. जेवणघराच्या भिंतीवर, कुमारी मातेच्या तसबिरीशेजारी, तिच्यापेक्षा किंचित मोठ्या चौकटीत, वर्तमानपत्राचं कात्रण होतं. सातवं पान. वरच्या कडेला राशिभविष्याची शेपटीही राहिली होती. कन्या राशीला प्रवासयोग. मधल्या एका वाक्याखाली कुणीतरी पट्टी धरून लाल शाईनं रेघ मारली होती. ते वाक्य असं होतं: "या वाइनमध्ये मोल्येचा मिरमिरीत वास द्राक्षावर कुरघोडी करतो, हीच वेल झाडाच्या तावडीतून सुटून तारेवर, स्वतःच्या उन्हात उभी राहिली, तर ही वाइन जगासमोर ताठ मानेनं जाईल."

हे वाक्य कसं जन्मलं ते रेनानला पक्कं आठवत होतं. चार वर्षांपूर्वी तो सीमेपलीकडे मेन्दोसाला सहा दिवसांच्या चव-वर्गाला गेला होता. तिथं एका चष्मेवाल्या तज्ज्ञानं तारेवरच्या वेलींबद्दल दोन तास व्याख्यान दिलं, आणि त्यातले चार शब्द रेनानला फार आवडले. शुक्रवारी तो परतला. शनिवारी सोईलाबाईंच्या बारमध्ये मंडळींनी त्याला सोलून काढलं. "नोंदणीसाहेबांचं नाक एरास्मोच्या घरी चाकरीला आहे," असं कुणीतरी म्हणालं, आणि सोईलाबाई म्हणाल्या, "चाकरी नव्हे हो, सासुरवाडी." सगळे हसले. त्याच दुपारी रेनाननं तो लेख लिहिला. सगळा लेख स्तुतीचाच होता. फक्त एक वाक्य निःपक्षपातीपणासाठी घातलं. पुढच्या शनिवारी कुणी हसलं नाही, आणि तो ते वाक्य विसरून गेला. त्यानंतर तो स्वतः टोपलीतल्या जुन्या बाटल्याच पीत राहिला, त्या सावलीसकट.

"मी सात वेळा वाचलं," एरास्मो म्हणाला. "पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. मग म्हटलं, हा माणूस माझा कोम्पाद्रे. गोड बोलणारे गावभर आहेत. ह्यानं एवढं धाडस करून लिहिलं म्हणजे त्याला माझी किती काळजी असेल."

स्वयंपाकघराच्या दारात एरास्मोची बायको, फेर्मिनाबाई, उभ्या होत्या. बुटक्या, रुंद, हात पिठानं माखलेले. शिड्यांवर चढून झाडं छाटण्याचं काम या घरात बायकांचं. फेर्मिनाबाईंनी ते लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून केलं होतं.

"या, कोम्पाद्रे," त्या म्हणाल्या. "गुडघे कसे आहेत?"

"बरे आहेत, कोमाद्रे."

"माझेपण आता बरे आहेत. शिडीच नाही ना चढायची."

जेवण ओसरीवरच होतं. वाइनमध्ये शिजवलेली कोंबडी, उकडलेले मक्याचे दाणे, बकरीचं चीज. एरास्मोनं जग आणला, नव्या वाइनचा, मार्चमधल्या सुगीचा. पेला एकच. त्यानं चार थेंब जमिनीला दिले, प्याला, भरला आणि रेनानपुढं धरला.

"पितो आणि बांधतो, कोम्पाद्रे."

रेनान प्याला.

वाइन वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं. ती नीटनेटकी होती. शहरात शिकायला गेलेला पोरगा सुट्टीत भांग पाडून घरी यावा आणि आईला ताई म्हणून हाक मारावी, तशी. घोट गिळल्यावर रेनान त्या सावलीची वाट बघत राहिला. काहीच आलं नाही. अशी वाइन मेन्दोसाच्या बसस्थानकावरही मिळते, सँडविचसोबत.

तिघं त्याच्याकडे बघत होते.

"स्वच्छ आहे," रेनान म्हणाला.

"स्वच्छ!" एरास्मोनं मांडीवर थाप मारली. "ऐकलंस, फेर्मिना? एकोणीस वर्षांत ह्यांनी माझ्या वाइनला स्वच्छ म्हटलं नव्हतं."

"तेव्हा ती धुवावी लागत नव्हती," फेर्मिनाबाई म्हणाल्या आणि मक्याचं भांडं सबिनोकडे सरकवलं.

रेनाननं सबिनोला बांधलं, सबिनोनं फेर्मिनाबाईंना, त्यांनी नवऱ्याला. पेला फिरला. फिरता फिरता रेनान हिशोब लावत होता, आणि तो हिशोब कुठूनही लावला तरी एकाच ठिकाणी येत होता. चाळीस झाडं वाचवायची तर खरं बोलायला हवं. खरं बोललं की एरास्मोला हेही कळणार की दोनशे साठ झाडं एका बारमधल्या टिंगलीपायी गेली. गप्प बसलं तर झाडं जातील, पण माणूस सुखात राहील, इस्त्रीच्या सदऱ्यात. भित्रेपणाला दयेचा सदरा इतका बेमालूम बसलेला त्यानं आधी कधी पाहिला नव्हता.

आधी त्यानं आडून जाऊन पाहिलं.

"कोम्पाद्रे, मी म्हणतो ती चाळीस राहू द्यावीत. सावलीला. नदीला पूर आला तर काठ धरून ठेवतील."

"तारेचे खांबपण धरतील की."

"फोटोला बरी दिसतील."

"फोटो तारेचा काढा. तुम्हीच लिहिलंय, झाडाच्या तावडीतून. आता तावडी शिल्लक कशाला ठेवायची?"

"गावात अजून कुणी काढली झाडं?"

"कुणी नाही," एरास्मो अभिमानानं म्हणाला. "लोक हसतात. माझ्या मामांनी तर बोलणं टाकलंय. मी म्हणतो, हसा. तुमच्यापैकी कुणाचा कोम्पाद्रे मेन्दोसाला शिकून आलाय?"

"सहा दिवस," रेनान म्हणाला.

"काय?"

"सहा दिवस शिकलो मी. त्यातला एक दिवस सहलीचा होता." त्याचा आवाज त्यालाच दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. "ते वाक्य माझं नाही, कोम्पाद्रे. तिथं एक माणूस बोलला, मी उचललं. त्यानं तुमची बाग बघितलेली नाही. सोईलाच्या बारमध्ये मला हसत होते, तुमचीच तळी उचलतो म्हणून. त्यांची तोंडं बंद करायला मी ते घातलं. मला तुमच्या वाइनमध्ये जर काही आवडत असेल तर ते तेच होतं, मोल्ये."

सबिनोनं चघळणं थांबवलं. फेर्मिनाबाईंनी मान खाली घातली, आश्चर्य वाटल्यासारखं मात्र त्यांच्या तोंडावर काही नव्हतं.

एरास्मो हसला. मोकळेपणानं, मायेनं हसला.

"हेच," तो सबिनोला म्हणाला. "हेच मी सांगतो लोकांना. मोठा माणूस आणि स्वतःबद्दल कसा बोलतो बघ. कोम्पाद्रे, आता माझी बाग सुधारली म्हणून तुम्हाला संकोच वाटतो, श्रेय नको वाटतं. वसतिगृहातपण असंच. गणितं तुम्ही सोडवायची आणि म्हणायचं, एरास्मोनं सोडवली."

"कोम्पाद्रे, मी खरं सांगतोय."

"आणि ते काय, खोटं छापून आलं? छापणारे काय वेडे आहेत? वर राशिभविष्य छापतात, तेसुद्धा माणूस ठेवून बघून घेतात."

एकोणीस वर्षं रेनाननं आपल्या शब्दाला वजन यावं म्हणून जिवाचं रान केलं होतं. आता ते वजन आलं होतं, आणि त्याला एकट्याला ते उचलून बाजूला ठेवता येत नव्हतं.

सबिनो उठला, मशीनमध्ये पेट्रोल पाहिलं, दोरी एकदा हलकेच ओढून बघितली. मशीन खोकलं आणि गप्प झालं.

"शेवटचा फेरा," एरास्मो म्हणाला. "मग कामाला." त्यानं जमिनीला थेंब दिले, प्याला, पेला काठोकाठ भरला. उभा राहिला. "पितो आणि बांधतो, कोम्पाद्रे. तुमच्या त्या वाक्याला, आणि ह्या चाळीस झाडांना. सुखानं जाऊ देत."

पेला रेनानपुढं आला. त्यातली वाइन लाल, स्वच्छ, उन्हात चमकणारी. रेनाननं तिच्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात मांडीखाली घातले. लहानपणी एरंडेल प्यायला नको असलं की असेच हात लपवायचा तो.

"नाही," तो म्हणाला.

"काय नाही?"

"मी पिणार नाही."

एरास्मोला आधी कळलंच नाही. त्यानं पेला आणखी जवळ आणला, म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाशी न्यावा तसा. मग त्याचा हात तिथंच राहिला. सबिनोनं बुटांकडे बघायला सुरुवात केली. शेजारच्या बागेत कुणीतरी कोंबड्यांना हाकारत होतं, ते नीट ऐकू येत होतं.

"गुडघ्यांच्या गोळ्या चालू आहेत का?" एरास्मोनं हळूच विचारलं. बाहेर पडायची एवढी एक फट त्यानं उघडून ठेवली.

"नाहीत. कोणत्याही गोळ्या नाहीत."

फट बंद झाली. एरास्मोच्या चेहऱ्यावरचं हसू उतरायला बराच वेळ लागला. ते भुवयांवरून, गालांवरून, टप्प्याटप्प्यानं गेलं. त्यानं बागेकडे पाहिलं. खांबांच्या पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत, सावकाश, जणू कुणी त्याला मोजायला सांगितलं होतं.

"रेनान," तो म्हणाला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा नुसतं नावानं. "मग ती दोनशे साठ?"

रेनाननं मांडीखालचे हात बाहेर काढले.

"मला सांग ना. ती कशाला काढली मी?"

"मला माफ—"

"ते नको. मी विचारलं ते सांग."

"माझ्यामुळे," रेनान म्हणाला. "उगीच."

एरास्मोनं मान हलवली, हिशोब जुळल्यासारखी. त्यानं पेला तिरका केला आणि सगळी वाइन ओसरीच्या कडेनं मातीत ओतली, हळूहळू, एक थेंबही पायावर न उडवता.

"धरणी नाही म्हणत नाही," तो म्हणाला. मग सबिनोकडे वळला. "मशीन उचल. आज काम नाही."

"उद्या येऊ?"

"उद्या नाही, परवा नाही. ती चाळीस राहतील."

रेनानला हायसं वाटलं. ते चेहऱ्यावर दिसलं असावं.

"तुम्ही सांगितलंत म्हणून नाही," एरास्मो म्हणाला. तो पुन्हा अहो-जाहोवर आला होता आणि ते आधीच्या अरे-तुरेपेक्षा लांबचं वाटलं. "तुमचं ते वाक्य खोटं होतं म्हणता. हे कशावरून खरं? मला नाही ठरवता येत, आणि ठरवायचंही नाही. इथून पुढं तुमचं एकही वाक्य मी धरणार नाही, एवढंच. मग झाडं तोडायला कारण काय उरलं?"

तो आत गेला. भिंतीवरून चौकट काढल्याचा आवाज येईल असं रेनानला वाटत होतं. तसं काही झालं नाही. एरास्मो जेवणघरातून सरळ मागच्या दारानं बागेत गेला असावा, कारण थोड्या वेळानं तो खांबांच्या रांगांमधून चालताना दिसला, बुंध्यांना वळसा घालत.

फेर्मिनाबाई फाटकापर्यंत सोबत आल्या.

"तुम्हाला ठाऊक होतं," रेनान म्हणाला.

"चव मलाही कळते, कोम्पाद्रे. चार वर्षांपूर्वी मी ह्यांना म्हटलं होतं, नका ऐकू. हे म्हणाले, तू काय लिहितेस का पेपरात?" त्यांनी फाटकाची कडी काढली. "तुमच्या त्या यादीतून आमचं नाव काढा."

"पहिला क्रमांक आहे तुमचा."

"असू दे. आणि हे सगळं कुठं छापू नका. चांगलं म्हणूनही नको. तुम्ही चांगलं लिहिलंत की मला भीती वाटते."

"टोपली पाठवीन मी फेब्रुवारीत. कोम्पाद्रेंच्या गुरुवारी."

"पाठवा," त्या म्हणाल्या. "घेतील की नाही ते मी आत्ता सांगत नाही."

पिकअपजवळ सबिनो उभा होता, मशीन खांद्यावर. कामार्गोपर्यंत सोडाल का, असं त्यानं विचारलं. त्याला आणायला येणारा पुतण्या संध्याकाळशिवाय यायचा नव्हता. रेनाननं मान हलवली. मशीन मागच्या हौद्यात न ठेवता सबिनोनं मांडीवर घेतलं, नवीन होतं म्हणून.

डावीकडे कडे तांबडे होत गेले. रस्त्याच्या खाली लोकांच्या बागा दिसत होत्या, झाडांच्या, दाट, कुणाच्या तरी शिड्या टेकवून ठेवलेल्या.

"साहेब," शेवटी सबिनो म्हणाला, "माझ्या मेहुण्याची बाग आहे पलीकडच्या अंगाला. दीडशे मोल्ये आहेत. तो पण विचारात आहे, काय करावं म्हणून. तुम्ही एकदा बघून सांगितलंत तर बरं होईल. तुमच्या ओळखीनं विचारतो, राग मानू नका."

"झाडांना हात लावू नको म्हणावं."

सबिनोनं आणखी काही येतंय का याची वाट बघितली. एक वळण गेलं, दुसरं गेलं.

"बस? एवढंच?"

"एवढंच."

"हे तर त्याचा बापसुद्धा सांगतो," सबिनो म्हणाला, आणि मांडीवरचं मशीन नीट धरून खिडकीबाहेर बघू लागला.